पिवळ्या पाटीची साक्ष

प्रिय धाकट्या,

प्रशिक्षण केंद्राने तुला नव्या पोरांना यंत्रं शिकवायला बोलावलंय आणि तू नाही म्हणायच्या बेतात आहेस, असं तुझ्या बायकोने सांगितलं. ज्याने स्वतःची दोन बोटं घालवली त्याने दुसऱ्याला सावधपणा काय शिकवायचा, असं म्हणतोस म्हणे. सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, म्हणून लिहिते.

माझी आठवण कशी आहे ते तुला सांगायला नको. घरात काही हरवलं तर आई शोधायच्या आधी मला विचारायची. कारखान्यात कुठला पट्टा कधी बदलला ते आजही मलाच विचारतात आणि मी चूक सांगत नाही. तू मात्र एका पायात तुझी आणि एका पायात माझी चप्पल घालून शाळेत गेलास आणि संध्याकाळी तसाच परत आलास, तोवर तुला पत्ता नव्हता. तुला धांदरट म्हणायला मीच सुरुवात केली. मग सगळं घर म्हणायला लागलं, आणि शेवटी तूही.

आता तो दिवस. तू आपल्या कारखान्यातल्या कणीक मळायच्या यंत्रात हात घालून पातं साफ करत होतास. त्याआधी मेन स्विच पाडायचा, म्हणजे वीज बंद करायची, आणि त्याला 'काम चालू आहे' ही पाटी अडकवायची, हे शिफ्टची प्रमुख म्हणून माझं काम. पलीकडच्या कामगाराने बटण दाबलं आणि यंत्र फिरलं. नंतर बघतात तर स्विच चालू, पाटी भिंतीवर तिच्या खिळ्याला. चौकशीत मी छातीठोकपणे सांगितलं की स्विच मी पाडला होता, पाटी लावली होती. ती पिवळी पाटी स्विचच्या दांड्याला लटकलेली मला डोळ्यांसमोर दिसते. मग काम संपलं समजून तूच पाटी काढलीस, स्विच चढवलास, आणि पीठ राहिलेलं दिसलं म्हणून पुन्हा हात घातलास, असं ठरलं. सुरुवातीला तू काहीच आठवत नाही म्हणायचास. वर्षभराने तुलाही आठवायला लागलं. पिवळी पाटी हातात घेऊन खिळ्याला लावली, असं तू स्वतः आईला सांगितलंस. मला तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या मंगळवारी कामगारांच्या नव्या तुकडीला मी हीच गोष्ट सांगितली, नेहमीसारखी, तुझं नाव न घेता. मागे स्टोअरकीपरकाका बसले होते. नंतर चहा पिताना ते सहज म्हणाले की पिवळ्या पाट्या त्या अपघातानंतरच्या. तुझी बोटं गेली म्हणून तर साहेबांनी त्या मागवल्या. त्याआधी पुठ्ठ्याचा तुकडा होता, हाताने लिहिलेला. मी अर्थातच वाद घातला. काकांनी कपाटाच्या तळातून तो तेलकट पुठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला आणि मी तो पाहताक्षणी ओळखला.

धाकट्या, जी पाटी तेव्हा नव्हतीच, ती मी लावली कशी आणि तू काढलीस कशी?

एकोणीस वर्षं मी रोज पिवळ्या पाट्या लावतेय. त्यातलीच एक मनाने उचलली आणि त्या दिवसावर अडकवली. ताई विसरत नाही हे मला माहीत होतं, धाकटा धांदरट हे सगळ्यांना माहीत होतं. मग नीट आठवायची गरज कुणाला पडणार? माझंच ऐकून ऐकून तुलाही ती दिसायला लागली. तीन दिवस मी तो पुठ्ठा स्विचला लावल्याचं आठवून पाहिलं. काही सापडलं नाही. सापडलं ते दुसरंच. मैद्याची गाडी आली म्हणून मला बाहेर बोलावत होते, आणि तू विचारलंस, ताई, हात घालू का. मी मान न वळवता हो म्हटलं. हेही मनाने रचलेलं असेल का, म्हणून मी त्या बटण दाबणाऱ्याला शोधून विचारलं. त्यानेही तुझा प्रश्न ऐकला होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

सोबत माझ्या नव्या जबाबाची प्रत आहे. काल सही करून साहेबांच्या हातात दिली, दुसरी केंद्राकडे पाठवली. जुना जबाब मी मागे घेतलाय. नोकरीचं व्हायचं ते होईल, त्याची काळजी तू करू नकोस. मी तुझा फार मोठा अपराध केलाय आणि मला माफ कर, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय. शिकवायला जायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण यंत्रात हात घालण्याआधी तू विचारलं होतंस, हे धरून ठरव. आणि गेलास तर पहिल्याच दिवशी पोरांना सांग, की ताईने हो म्हटलं तरी स्विच आपल्या डोळ्यांनी बघून यायचा.

तुझीच,
ताई