शिळ्या तारखेचा नवा तक्ता

प्रिय ठमे,

आधी डोळे पूस. तू खोटं बोलली नव्हतीस, आणि हे आता माझं एकटीचं म्हणणं नाही. आज अधीक्षकांनी सगळ्या नर्सेससमोर कबूल केलं. जास्त मात्रेने भोवळ आलेले ते खिडकीजवळचे आजोबाही ठणठणीत होऊन घरी गेले. हुश्श! तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

औषधांच्या मात्रांचा तक्ता तुमच्या वॉर्डातल्या संगणकावर दिसतो, तो माझ्या खोलीतल्या सर्व्हरवरून. संगणक दर वेळी विचारतो, माझ्याकडे अमुक तारखेचा तक्ता आहे, त्यानंतर काही बदललंय का? सर्व्हर फाइलवरची तारीख बघतो. नाही म्हणाला, की संगणक स्वतःजवळचाच दाखवतो. आता गंमत बघ. मात्रा कमी केलेला नवा तक्ता डॉक्टरांनी कधीच करून ठेवला होता, पण तो मंजुरीत अडकला. मधल्या काळात कुणीतरी जुन्या तक्त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि जुन्यालाच ताजी तारीख लागली. तोच तुझ्या संगणकाने जपून ठेवला. मग ऑफिसने नवा वर चढवला, तो आपली आधीचीच तारीख घेऊन आला. सर्व्हरच्या लेखी नवाच शिळा! तुझा संगणक बिचारा विचारत राहिला आणि सर्व्हर छातीठोकपणे सांगत राहिला, काही बदललेलं नाही.

चौकशीवाले तर दीडशहाणे. त्यांनी तक्ता उघडला साहेबांच्या संगणकावर, ज्याने तो आधी कधी पाहिलाच नव्हता. त्याला नवाच मिळणार ना! झालं, सिस्टर खोटारडी ठरली आणि चौकशी होईपर्यंत घरी बसली. वॉर्डातला संगणक मात्र कपाटात कुलूपबंद. किल्लीसाठी मी कुणाकुणाच्या नाकदुऱ्या काढल्या, ते भेटल्यावर सांगेन. काल एकदाचा चालू केला, तक्ता उघडला, आणि तू सांगत होतीस तीच मात्रा समोर! अगं, मी एकटीच मोठ्यांदा हसले, मग भोकाड पसरलं, आणि तशीच जाऊन अधीक्षकांना ओढत आणलं. आता प्रत्येक तक्त्याला मजकुरावरून खूण लावली आहे. एक आकडा बदलला तरी खूण बदलते, आणि सर्व्हर तारखेऐवजी तीच ताडून बघतो.

सोमवारी सकाळची ड्यूटी तुझी आहे. राजीनाम्याचं काय, म्हणून रडत बसू नकोस. तू माझ्या हातात कोंबलास ना, तो मी ऑफिसात दिलाच नाही. जिन्यावरच फाडून टाकला, त्याच दिवशी. तारखेचा घोळ मला कालच कळला गं, पण तुला मी लहानपणापासून ओळखते. गुपचूप ये.

तुझीच,
ताई