ठिणगी मागे घेताना

तोंडवली, ८ जानेवारी २०२४

चि. शर्मिलेस, तुझ्या दादाचे अ. उ. आ.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. काजूच्या बागेतल्या मांगराच्या छपराखाली बांधायला घेतलेलं विमान अखेर उभं राहिलं. उड्डाणाची परवानगीही आली. जुन्या मोटारीचं रोटरी इंजिन बसवलंय, त्याला टर्बो. खुर्च्या दोन. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर तुझ्या सावित्रीवहिनीला किनारा वरून दाखवीन म्हटलं होतं, पण दोघांना उचलायला जोर कमी पडतो. ठिणगी थोडी लवकर पाडावी म्हणतो. तू इंजिनंच तपासतेस, तुझं मत कळव. सावित्री विचारते, शिमग्याला तरी येशील ना?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
गुरुदास

पुणे, १६ जानेवारी २०२४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

टर्बो हवा दाबून भरतो. दाब वाढला की ठिणगी उशिरा पाडायची, लवकर नाही. नाहीतर इंधन भलत्या वेळी भडकतं आणि रोटरच्या टोकाची सील तुटते. पिस्टनचं इंजिन एखादा दणका सोसतं, हे सोसत नाही. भलता भडका ऐकू येईल म्हणून कानावर विसंबू नकोस, त्या आवाजात मलाही काही कळणार नाही. फार उशीरही नको, टर्बो तापून लाल होईल. आधी विमान जमिनीला बांधून पूर्ण जोर देऊन बघ. लहानपणी तू मला माडावर चढू द्यायचा नाहीस, आता माझी पाळी. शिमग्याला येतेच.

राग धरू नकोस, माया धर.
शर्मिला

तोंडवली, २ मार्च २०२४

चि. शर्मिलेस, अ. उ. आ.

राग आला होता. म्हणून तुझं अर्धंच ऐकलं. विमान जमिनीला बांधलं, पण ठिणगी माझ्या मनासारखीच ठेवली. पूर्ण जोर देताच इंजिन बंद पडलं. उघडलं तर सीलचे तुकडे. हेच समुद्रावर, सावित्री शेजारी असताना झालं असतं तर?

इंजिन पुन्हा बांधलं. टर्बोचा दाब उतरवला, ठिणगी मागे घेतली. आता नीट चालतं, पण एकट्यालाच उचलतं. सावित्रीला हे सांगायचा धीर होईना. शेवटी ती कुळीथ पाखडत असताना सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "माका पयल्यापासून वर जावची भीती वाटत होती. तुमचो हुरूप बघून गप रवलंय."

काल एकटाच गेलो. किनाऱ्यावरून फेरी मारून कातळाच्या सपाट सड्यावरच्या धावपट्टीवर उतरलो, तर सावित्री तिथेच उभी. विमान वर कसं दिसत होतं, म्हणून विचारलं. तिला माहीतच नाही. चाकं टेकेपर्यंत डोळे मिटून होती.

तुझी माया आणि तुझा धाक, दोन्ही असू दे.
दादा