विनोदाच्या आधीचं हसू

४ नोव्हेंबर, शनिवार

हा आधी हसला!

विनोद व्हायच्या आधी. दोन-तीन सेकंदच, पण आधी. अठ्ठावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासते आहे. निसटलेला काना मला लांबून दिसतो, तर शेजारच्या खुर्चीतला नवरा भलत्या जागी हसलेला कळणार नाही?

आज आम्ही आमच्या लाडक्या सिनेमाचा दुसरा भाग पाहिला. दोघांनीही पहिल्यांदाच. निदान हा तरी तसं म्हणाला. पहिल्या भागावर आमचा संसार उभा आहे. लग्नाआधी तीनदा थेटरात, नंतर दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला घरी. ते दोन साडू, दोघांनाही गाडी येत नाही आणि काढतात काय, तर ड्रायव्हिंग स्कूल. "आधी निघू, ब्रेक कुठला ते मग बघू" – हे वाक्य आमच्याकडे गॅस पेटवतानाही म्हटलं जातं.

दुसऱ्यात तेच साडू म्हातारपणी विमान शिकवायला निघालेत. मोठं करायचं म्हणून मोठं केलंय. विमानाचं चाक अडकतं, दोघं एकमेकांकडे बघतात, आणि कंट्रोल टॉवरमधून एका बाईचा आवाज येतो, "उतरताय की पडताय, तेवढं सांगा." बाई दिसत नाही, नुसता आवाज. ती तोंड उघडायच्या आत हा खो-खो हसत होता. सगळं थेटर गप्प!

बाहेर आल्यावर विचारलं. म्हणाला, चाकाचंच हसू आलं. चाकात हसण्यासारखं काय होतं?

५ नोव्हेंबर, रविवार

धाकट्या बहिणीचा फोन. तिला दुसराच भाग जास्त आवडलाय. तासभर भांडलो. पहिल्यात कोणी हसवायचा आटापिटा करत नाही. साडू गाडीत बसतो, आरसा सरळ करतो, त्यात बघून भांग पाडतो आणि खाली उतरतो. बस. एक शब्द नाही आणि पोट धरून हसायला होतं. दुसऱ्यात नुसती बडबड. आणि प्रत्येक वाक्यामागे संगीत, आता हसा म्हणून सांगणारं. धाकटीचं म्हणणं, मी पहिल्या भागाच्या नाही, माझ्या तेविसाव्या वर्षाच्या प्रेमात आहे. असेनही.

मग उगीच विचारल्यासारखं विचारलं – एखाद्याने तो सिनेमा आधीच दुसऱ्या कुणाबरोबर पाहिला असेल तर?

"भावोजींनी? या वयात त्यांना कोण विचारतंय, ताई?"

मला हसू आलं नाही. पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी सगळे मिळून पुन्हा जाऊ म्हणाली. याला सांगितलं. हा नुसता मान हलवून हसला, पण तोंड उतरलं.

८ नोव्हेंबर, बुधवार

धुवायच्या शर्टाच्या खिशात तिकीट. दुसऱ्या भागाचं. ३१ तारीख, मंगळवार, दुपारचा खेळ.

तिकीट एकच. म्हणजे दुसरं तिच्याकडे.

आता एकेक आठवतंय. फोन आला की उचलत नाही, मेसेज कर म्हणतो. केस वाढवलेत, पार कानांवर आलेत – पन्नाशी उलटल्यावर! मी मागून काही विचारलं तर उत्तर नाही. समोर गेले की गोड हसून "हो" म्हणतो. कशालाही "हो". लक्ष असतं कुठे? आणि आमच्याच छापखान्यात खाली छपाईच्या मशीनवर मान मोडून काम करणारा माणूस मंगळवारी दुपारी मोकळा कसा?

विचारलं नाही. विचारलं की सावध होतो माणूस. असल्या थापा कशा मारतात हे मला कुणी शिकवायला नको.

११ नोव्हेंबर, शनिवार

मंगळवारी दुपारी दाढ दाखवायला जायचंय म्हणे. दाढ!

१४ नोव्हेंबर, मंगळवार

अर्धी रजा टाकून मागे गेले. डॉक्टरकडे नाही, सरळ थेटरात. हा सातव्या रांगेत कडेला, मी चार रांगा मागे, अंधारात गॉगल लावून. पायरीवर ठेचकाळले ते त्यामुळेच.

शेजारची खुर्ची रिकामी. मी तिची वाट बघत बसले. मध्यंतर झालं तरी कुणी आलं नाही.

मग लक्षात आलं, हा पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघतोय. लोक हसले की मांडीवरच्या वहीत काहीतरी टिपतो. चाक अडकलं तेव्हा याची बोटं गुडघ्यावर आपटत होती – एक, दोन, तीन, चार. मग थेटर हसलं. याने वहीत खूण केली.

मी तशीच उठून घरी आले. बाईचा संशय बरा होता. हे काय आहे?

१५ नोव्हेंबर, बुधवार

हा आंघोळीला गेल्यावर हत्यारांच्या पिशवीतून वही काढली. पहिल्याच पानावर शुद्धलेखनाच्या सात चुका.

"चाक अडकत. चार मोजायचे, मग हसायचे. मागच्या वेळी चूकले."

"साडू दार आपटतो. हसू नये, लोक गप्प असतात."

"सासरा पत्र वाचतो. ही रडते. हात धरायचा."

शेवटच्या पानात कानाच्या डॉक्टरचा रिपोर्ट, घडी घालून. दोन्ही कान. मशीनच्या आवाजाने गेलेत. जवळजवळ काहीच उरलेलं नाही.

हा बाहेर येऊन पाठमोरा केस पुसत उभा राहिला. मी हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग अशी, की शेजारीण दारात आली. हा केस पुसत राहिला.

वही समोर धरली, तर टॉवेल बाजूला ठेवून खुर्चीत बसला. म्हणाला,

"समोरच्याचे ओठ दिसले की कळतं. पहिला भाग तर मला पाठच आहे, त्यात निभावलं. हा नवा. तू हसलीस आणि मी नुसता बसून राहिलो असतो, तर तुला कळलं असतं."

खूप रडले. नसलेल्या बाईला मी मनातल्या मनात नाक-डोळेसुद्धा दिले होते. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. बाई नव्हतीच! रविवारी हसायच्या जागी मी हळूच याचा हात दाबायचा, असं आमचं ठरलं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

रिपोर्टवरची तारीख आज नीट वाचली. पाच वर्षांपूर्वीची.

त्याच्या पुढच्या वर्षी, भांडी घासता घासता, याच्याकडे पाठ करून मी सगळं सांगून टाकलं होतं. वरच्या मजल्यावरचा तो माणूस, त्याच्याबरोबरची माझी चोरटी दोन वर्षं, सगळं, एका दमात. डोळे पुसत वळले, तर माझ्याकडे बघून हा म्हणाला, "असू दे." केवढ्या मोठ्या मनाचा माणूस मिळाला, म्हणून मी चार वर्षं निवांत झोपले.

याला काही ऐकूच आलं नव्हतं.