पंचवीस अंशांचा तह

मृत्युपत्राच्या आरंभी ईश्वराचे स्मरण करावे, असे वकील मेव्हण्यांनी दिलेल्या नमुन्यात आहे. मी तक्रारीने आरंभ करतो. माशांच्या टाकीतला हीटर काचेला धरून ठेवण्यासाठी जी रबरी चकती मिळते, ती काहीही धरून ठेवत नाही. ओली केली, कोरडी केली, संस्कृतात तिची निर्भर्त्सना केली. दुसऱ्या दिवशी हीटर तळाशी आडवा. ज्याने ही चकती घडवली, त्याला मी या दस्तान्वये काहीही देत नाही.

आता रीतसर. मी, खाली सही करणार, धंदा वार्ताहर, वय वर्षे छप्पन्न, बुद्धी शाबूत असताना (पत्नीचे मत वेगळे आहे, ते तिने वेगळ्या कागदावर नोंदवावे) आणि कोणाचेही दडपण नसताना हे लिहून ठेवतो. निमित्त एवढेच की उद्या माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. “काळजीचं काही नाही,” असे डॉक्टर म्हणाले. तुमच्या नावाने छापू का, असे विचारल्यावर ते नुसते हसले. सबब हे वृत्त मी अपुष्ट समजतो.

कलम १. घर. माझ्यामागे या घरात दोघी राहतील. एक माझी थोरली बहीण, आक्का. आई गेल्यावर तिने मला वाढवले, शब्दरूपे पाठ करून घेतली आणि त्या भरात स्वतःचे लग्न करायचे राहून गेले. दुसरी माझी पत्नी. ती आमच्या वृत्तपत्रात मुद्रितशोधक होती. माझ्या बातम्यांतल्या चुका काढता काढता तिने मलाच पदरात घेतले, आणि ते काम अजून संपलेले नाही. आक्काला खिडकी बंद आणि अंगावर शाल लागते. पत्नीला खिडकी उघडी आणि पंखा पाचावर लागतो.

“तुझ्या बायकोला एवढा वारा हवा तर गच्चीवर बिछाना घाल म्हणावं,” इति आक्का.

“वन्संच्या खोलीत अंडी ठेवली तर पिल्लं निघतील,” इति पत्नी.

मी पंखा तीनावर ठेवला. एक कुडकुडली, दुसरी घामाघूम झाली, आणि मी स्वतःला मुत्सद्दी समजलो.

पहिल्या मसुद्यात मी सगळे घर दोघींच्या नावे सामाईक लिहिले होते. मेव्हणे, म्हणजे पत्नीचे भाऊ, वकील आहेत. ते वाचून म्हणाले, “भावोजी, हे मृत्युपत्र आहे की दाव्याचं आमंत्रण?” मी त्यांना समन्वयावर बरेच ऐकवले. पुढे माझे मत का बदलले, ते कलम २ मध्ये येते.

कलम २. मासे. टाकी आणायची ठरल्यावर आक्काने डिस्कस पसंत केले: चपटे, थाळीसारखे, चालीत पुरेपूर मानी. पत्नीने गोल्डफिश पसंत केला. मी दुकानदाराला विचारले, “दोन्ही राहतील ना?” तो म्हणाला, “माझ्याकडे मजेत राहतात की.” ते त्याच्याकडे दुकानाच्या दोन टोकांच्या दोन टाक्यांत राहत होते, हे माझ्या पत्रकारितेच्या नजरेतून सुटले. डिस्कसला एकोणतीस अंशांचे, मऊ पाणी लागते. गोल्डफिशला विसाच्या आसपासचे थंड आणि जरा जड पाणी मानवते. मी मध्यममार्ग काढला: पंचवीस अंश.

आठवडाभरात आक्का टाकीपुढे बसून म्हणाली, “हा सोनेरी वर येऊन धापा टाकतोय रे.” पत्नी चष्मा पुसत म्हणाली, “आणि तुमचे चपटे काळवंडलेत, वन्सं. गारठलेत बिचारे.” मग दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिले. माझ्या लग्नानंतर त्या दोघींचे एखाद्या गोष्टीवर प्रथमच एकमत झाले, आणि ती गोष्ट मी होतो.

तेव्हापासून टाक्या दोन आहेत. हीटरची टाकी, डिस्कस आणि त्यांच्या उबेत रमणारे इवले टेट्रा मासे आक्काला. थंड टाकी आणि गोल्डफिश पत्नीला. नवा मासा घेताना रंग मागाहून पाहावा. याला कसले पाणी लागते, हे आधी विचारावे. आणि टेट्रा गोल्डफिशच्या टाकीत पाहुणे म्हणूनही पाठवू नयेत. यजमान त्यांना गिळतो.

त्याच न्यायाने घर. उन्हाची पुढची खोली आक्काची, वाऱ्याची मागची पत्नीची. स्वयंपाकाचे ओटे दोन. पंखे, बटणे आणि मते ज्याची त्याची.

कलम ३. शिल्लक. बँकेत आहे ते दोघींना निम्मे. मोजायला बसू नये, निराशा होईल.

कलम ४. संस्कृत शब्दकोश उपसंपादकास. ‘हा शब्द वाचकाला कळणार नाही’ असे म्हणत त्याने माझा एकेक शब्द कापला. आता सगळे एकगठ्ठा घ्यावेत.

कलम ५. मधली खोली. येथे मी झोपतो. मेव्हण्यांचा सल्ला असा की वाटणी केलीच आहे, तर या खोलीची दोन्ही दारे बुजवून टाकावीत. ती बुजवू नयेत. कारण विनोदाने सांगता येत नाही, म्हणून सरळ लिहितो. आक्काची साखर पहाटे उतरते, आणि ती हाक मारत नाही. ‘कशाला कुणाची झोप मोडायची’ म्हणते. पत्नीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि ती उजव्या कुशीवर झोपते, म्हणजे चांगला कान उशीत. मला आक्काच्या पलंगाची कुरकुर ऐकू येते, मी उठून साखरपाणी देतो. याची वाटणी कशी करायची, ते मला सुचलेले नाही. मरणाची भीती मला बेताचीच आहे. मी नसताना एखाद्या पहाटे ती कुरकुर कोणालाच ऐकू येणार नाही, याची फार आहे.

सही: लिहून देणार, वार्ताहर

साक्षीदार १: शेजारचे शिंपी (सही)
साक्षीदार २: गल्लीतले औषध दुकानदार (सही)

ठिकाण: राहते घर, मधली खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, सोमवार