दोन राज्यांचा राजपुत्र

४ मार्च
आजपासून कादंबरी. फँटसी. नायक राजपुत्र. नदीपलीकडच्या राज्यात जन्मला, अलीकडच्यात वाढला, दोन्हीकडे घरचा. थेट माझ्यासारखा. आधी मराठीत लिहायची, मग इथल्या भाषेत करायची. परवा लेकीने विचारलं, बाबा, आपण नक्की कुठले? कादंबरीच तिला उत्तर देईल. 

११ मार्च
लायब्ररीतल्या लेखक-मंडळात पहिलं प्रकरण इथल्या भाषेत करून वाचलं. ड्रॅगनच्या गुहेत शिरण्याआधी राजपुत्र बूट बाहेर काढतो, तिथे सगळे हसले. मंडळाच्या बाई म्हणाल्या, लढाईला अनवाणी? मी म्हटलं, अहो, कुणाच्या घरात बूट घालून जायचं? तर म्हणाल्या, तुमच्याकडचं काही असेल. माझ्याकडचं! इतकी वर्षं यांच्याच बसच्या रांगेत उभा राहतोय मी.

१२ मार्च
मंडळाला अक्कल नाही. खरा वाचक आपल्या माणसांतच. मायदेशी ताईला पाठवलं.

१५ मार्च
ताईचा फोन. राजपुत्र राणीला, म्हणजे सख्ख्या आईला, थँक्यू म्हणतो. ताई म्हणाली, आईला कुणी थँक्यू म्हणतं का रे? पार साहेब झालास. स्पीकर चालू होता. बायको आतून हसली.

१६ मार्च, पहाटे
तोडगा! दोन प्रती. मंडळासाठी बूट घातलेला राजपुत्र, ताईसाठी आभार न मानणारा. इतकी साधी गोष्ट बाकीच्या लेखकांना सुचत कशी नाही?

२ एप्रिल
घोळ. मंडळाच्या प्रतीत बूट घालून आईच्या पाया पडतो. ताईच्या प्रतीत ड्रॅगनला सॉरी म्हणून मग भोसकतो. ऑफिसचं काम काय कमी होतं? घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. बायको म्हणाली, अहो, त्या राजपुत्राला बसू द्या की कुठेतरी घटकाभर. हिला साहित्यातलं काय कळतं?

१९ एप्रिल
झाल्या दोन्ही प्रती. आता ना मंडळ बोलेल, ना ताई. लेकीला दोन्ही दिल्या. तिचा प्रश्न कायमचा मिटला.

२१ एप्रिल
लेकीने एका बैठकीत वाचल्या. एका बैठकीत! छान आहेत, म्हणाली. मग म्हणाली, बाबा, हा सगळी पानं दोन्हीकडच्या लोकांना स्वतःबद्दल समजावत फिरतो, पण याच्याकडे नुसतं बसायला कुणीच कसं येत नाही? मी म्हटलं, काल्पनिक आहे गं, फँटसीत चालतं. मग म्हणाली, रविवारी माझ्याबरोबर फिरायला येशील? रविवारी एका मित्राकडे जायचंय, असं सांगणार होतो. कुठल्या, म्हणून तिने विचारलं असतं. एकही नाव आठवेना.