दिल्लीच्या कायद्याला माझा कडाडून विरोध

सिंदी (रेल्वे), पाडव्यानंतरचा सोमवार, १९७३

तीर्थस्वरूप मनकर्णाअक्काच्या पायांवर धाकट्या बाबारावाचं डोकं.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला गेला असेल, अशी आशा करतो. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. पाचही पोरं धडधाकट आहेत. तुला संत्री पाठवणार होतो, ती कार्यकर्त्यांनी खाल्ली. (आमदार झाल्यापासून घरात सालंच तेवढी माझ्या वाट्याला येतात.)

तुझा भाऊ विधानसभेत बोलला, हे तू पेपरात वाचलं नसशील. दोष तुझा नाही; कोणी छापलंच नाही. गर्भपात दवाखान्यात, डॉक्टरच्या हातून करून घेता यावा, असा दिल्लीनं कायदा केला, तो लागू होऊनही वर्ष झालं. आता खेड्यांतल्या दवाखान्यांना त्यासाठी पैसा द्यायची गोष्ट निघाली. कायदा दिल्लीचा असला तरी तिजोरी आपल्या राज्याची, तेव्हा छदामही द्यायचा नाही, असं आम्ही चार आमदारांनी ठरवलं. चौघंही पुरुष. (सभागृहात बाया आहेत, पण त्यांना विचारावं हे कोणाला सुचलं नाही.) माझं भाषण जेवणानंतर आलं. निम्मे सभासद पेंगत होते, म्हणून मी आवाज चढवला आणि त्या जोशात माझे कागद कापसाच्या भाषणात मिसळले. ‘मायमाउलीच्या उदरातल्या त्या कोवळ्या जिवाला क्विंटलमागे वाजवी भाव मिळालाच पाहिजे’ असं मी छातीवर हात ठेवून म्हणालो. बाकं वाजली. आजवर माझ्या एवढ्या एकाच वाक्यावर बाकं वाजली आहेत. सावरायला म्हणून मी ठोकून दिलं, की माझ्या मतदारसंघातल्या एकाही बाईला हा कायदा नको आहे. समोरच्या एकानं विचारलं, किती जणींना विचारलंत? मी म्हणालो, सगळ्यांना.

आता विचारणं आलं. हिंगणीला बायांची सभा ठेवली. बायांच्या सभेला बाई हवी, म्हणून तुझ्या भावजयीला, इंदिराला, शेजारी खुर्चीवर बसवलं. सतरंजी पुरेना एवढ्या बाया आल्या. मला वाटलं, माझी लोकप्रियता. मी संस्कृतीपासून सुरुवात केली, पुराणातल्या तीन माता सांगितल्या (चौथी ऐनवेळी आठवली नाही), तोच मागून एकीनं विचारलं की तो दवाखाना कधी सुरू होणार. सगळ्या त्यासाठीच आल्या होत्या! आमदार म्हणजे सरकार, आणि सरकारनं कायदा केला, तेव्हा भाऊ तारीख सांगायलाच आले, असा त्यांचा समज. मी समजावून सांगितलं, की मी तो सुरू होऊ नये म्हणून झटतो आहे. मग पुढची रुख्माबाई उभी राहिली. साठीची असेल. आवाज न चढवता बोलली.

“माही लेक पंचफुला गेली तवा कायदा नोता, भाऊ. पोट पाडाले गावच्याच बाईनं मुळी घातली. तीन लेकरं मांग ठेवून गेली. आता कायदा आला, त तुमी काऊन आडवे येऊन राह्यले?”

अक्का, विरोधी बाकांना उत्तर देणं सोपं असतं, कारण ते ऐकत नसतात. ही बाई ऐकत होती. मी पाणी मागितलं. पेला रिकामा झाला तरी तोंडाला लावून ठेवला. तेवढ्यात इंदिरा उठली आणि खाली सतरंजीवर रुख्माबाईला लागून बसली. (मला वाटलं, खुर्चीत ढेकूण असतील.) मग मी एकटाच वर उरलो, बाजूला रिकामी खुर्ची. राष्ट्रगीत म्हणून सभा संपवली. तेही मी फार वरच्या पट्टीत धरलं.

तरीसुद्धा माझं मत बदललेलं नाही. तिघा आमदारांना शब्द दिला आहे, आणि माणसानं तत्त्वाला चिकटून राहावं. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाबाराव

ता. क. इंदिराला तिसरा महिना आहे. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासलं. तिच्या हृदयाला हे बाळंतपण झेपणार नाही, म्हणाले. हिंगणीहून परतताना जीपमध्ये तिनं सांगितलं. म्हणाली, “मले मरायचं नाई.” मला त्या रात्रीपासून अन्न गोड लागत नाही. तुझ्या ओळखीची ती लेडी डॉक्टर आहे ना, तिच्याशी बोलून ठेव. इंदिराला याच आठवड्यात नागपूरला तुझ्याकडे पाठवतो. नाव मात्र तुझ्या सासरच्या आडनावानं लिहव. मी येत नाही, नागपुरात मला लोक ओळखतात. (खरं म्हणजे सिंदीच्या वेशीबाहेर मला कुत्रंही ओळखत नाही, पण एखादं निघायचं.) पत्र वाचून फाडून टाक.

दुसरा ता. क. अक्का, नमस्कार. पत्र टपालात टाकायले यायनं माझ्याच हाती देल्लं. नाव माझंच लिहा, सौ. इंदिरा बाबाराव. कायद्यानं होते, त चोरी कायची? आणि हे येऊन राह्यले माझ्यासंगं, मी तसं ठरवलं. बाहेरच्या बाकावर बायांमधी बसतीन. विचारा म्हटलं तिथं एकेकीले, सगळ्यायले विचारलं म्हणून विधानसभेत सांगितलंच हाय.

इंदिरा