रोह्याला दिलेली रेडर

प्रिय किमया,

प्रिय हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. मी तुझ्यावर चिडले आहे आणि हे पत्र संपेपर्यंत चिडलेलीच राहणार आहे. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं हं हं करतेस, मग नाक ओढतेस, आणि माझाच राग निवतो. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी गावाची बातमी. पावसाळाभर इथं एकच विषय होता, साहिल. आपल्या पोरांच्या संघातला साहिल यंदा खांब गावाकडून कबड्डी खेळणार. त्यावरून देवळात बैठका झाल्या, मंडळात दोन तट पडले, त्याच्या आईशी बायका बोलेनाशा झाल्या. कोणीतरी त्याच्या फोटोवर लाल फुली मारून स्टेटस ठेवलं. त्याच संघातल्या हर्षदला कंपनीच्या संघात घेतलं, तर पेणच्या नाक्यावर बॅनर लागला, त्यात शुभेच्छुकांची तोंडं हर्षदपेक्षा मोठी. आणि तू गेलीस तेव्हा? जिल्ह्याकडून खेळलेली तू, तुझी चढाई बघायला शेजारच्या गावची माणसं टेम्पो करून यायची. मांडव पडला, पंगती उठल्या, मटण बरं होतं असं लोक म्हणाले. साहिल गेला तर संघ फुटला, तू गेलीस तर लग्न झालं. मी हमरापूरला कारखान्यात गणपतींची पितांबरं रंगवत होते आणि शेजारच्या बायका साहिलचंच बोलत होत्या. एक पितांबर मी रागानं इतकं जाड रंगवलं की मालकानं ते खरवडायला लावलं.

पण गावावरचा राग जुना आहे. तुझ्यावरचा ताजा आहे.

तुझ्या लग्नाची बैठक आठव. आदल्याच दिवशी स्पर्धेत तुझं कोपर सोलवटलं होतं, म्हणून तुझ्या आईनं लांब बाहीचा ब्लाउज काढून दिला. बांगड्या मी चढवल्या. बाहेर हॉल कुठला, हळदीला बेंजो कुणाचा, मानाच्या साड्या कोणाकोणाला, सगळं ठरत होतं. कबड्डीचं नावही वरसेहून आलेल्या मुलाकडच्या माणसांनी काढलं नव्हतं. तरी तुझ्या केरूमामांना राहवलं नाही. आपणच पुढे होऊन सांगून मोकळे झाले, की खेळबिळ काय नाय हां आता, सोडलाय तिनं. गाय मारकी नाय असं सांगावं तसं. आपल्याकडच्या मुलीवाल्यांची ही खोडच आहे, समोरच्यानं नाक मुरडायच्या आधी आपणच पोरीला कापून लहान करायचं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तुझ्याकडे बघितलं. पंचाशी भांडून गुण वसूल करणारी तू, खाली मान घालून बसली होतीस. इतकी वर्षं मी उजव्या कॉर्नरला उभी राहून सरावात तुझे घोटे धरले, तुला इतकं सहज धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

लग्नानंतर विचारलं, तर म्हणालीस, इथं नाय चालत गो. झालं. तेव्हापासून मी तुझ्या सासूला मनातल्या मनात शिव्या घालत होते. तुझ्या नवऱ्याला, प्रविणलाही घातल्या. तो बिचारा लग्नात माझ्याशी चांगला बोलला होता, तरी घातल्या.

गेल्या रविवारी मी वरसेला येऊन गेले. तू आणि प्रविण कोलाडला नणंदेकडे गेला होतात हे मला ठाऊक होतं, म्हणूनच आले. मला भांडायचं होतं आणि तू मध्ये नको होतीस. तुझ्या सासूनं, गिरजाबाईंनी दिलेलं पाणीसुद्धा न पिता मी विचारलं, किमयाला खेळायला बंदी का केलीत? त्या म्हणाल्या, आमी कुठं बंदी केली? तिचा मामाच बोलला सोडला म्हणून. आमाला वाटलं, गुडघा गेला असंल पोरीचा. बैठकीत गुडघ्याचं कसं इचारायचं, वाईट दिसतं, म्हणून गप ऱ्हायलो.

वाचलंस ना नीट? त्या बाईनं तुला लावणीला चिखलात उतरू दिलं नाही, खाली बसून भाकऱ्या थापू दिल्या नाहीत, ते तुझ्या धडधाकट गुडघ्यासाठी. आणि तू मला सांगत होतीस, परकी समजतात, कशाला हात लावू देत नाहीत. तुझ्या गुडघ्याला म्हणून त्या तेल कोमट करून ठेवायच्या, ते तू डोक्याला लावून मोकळी व्हायचीस. हे सांगताना त्यांचाही आवाज जरा चढला. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग मी त्यांच्याकडे जेवूनच निघाले. तुला काही सांगू नका, मी लिहिते, असं मीच त्यांना बजावलं.

म्हणजे तुझा खेळ कोणी काढून घेतला नव्हता. मामांनी तो कोणी न मागता देऊन टाकला आणि तू देऊ दिलास. इतक्या महिन्यांत एकदा तोंड उघडून विचारलं असतंस, तर काय बिघडलं असतं? मिठागरावरच्या काळुरामची मुलगी प्रतिक्षा यंदा तुझ्या जागी चढाईला जाणार आहे. चपळ आहे पोरगी, जीव तोडून खेळते. परवा मला विचारत होती, ताई, लगीन झालं का खेळ सोडायलाच लागतो काय? तिला काय उत्तर देऊ? तुझं नाव सांगू? याचा राग मात्र मला आवरत नाही.

आता पत्र का लिहिलं ते. वरसेहून मी सरळ घरी गेले नाही. शेजारच्या रोह्याच्या पोरींचं मैदान गाठलं, ज्यांनी गेल्या वर्षी आपल्याला हरवून आपल्यासमोर ढोल वाजवला होता. त्यांच्या पूजाताईंना म्हटलं, आमची किमया तुमच्या दारात आली आहे, संघात घ्या. सरावाला रोज पेणपर्यंत येणं तुला झेपणार नाही, हे मलाही कळतं. कॅप्टन म्हणून आपल्या संघाची संमती मी तिथंच देऊन आले. जगनमामांनी आपल्याला मैदानावर उभं राहायला शिकवलं, ते आता माझ्याशी बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, आपल्या हातानं दुसऱ्याला रेडर देणारी कॅप्टन मी पयल्यांदा बघतो. दसऱ्याला रोह्याच्या मैदानावर सरावाचा नारळ फुटेल. तुला घेऊन गिरजाबाई स्वतः येणार आहेत, त्यांना तुझा गुडघा एकदा डोळ्यांनी बघायचा आहे. तुझी उजव्या हाताची हूल, बोनस गुण घ्यायची लकब, सगळं मी पूजाताईंना सांगून ठेवलंय. परत फिरताना तुझा डावा पाय जरासा मागे राहतो, तेवढं सांगितलं नाही. ते मी माझ्यासाठी ठेवलंय.

समोरच्या उजव्या कॉर्नरवरून,
तुझीच,
प्रणिता